टेंट क्रमांक 7

मोबाइलवर एक जाहिरात फिरते आहे. निळा टेंट, मागे सुरूची झाडं आणि पुढे चहाचा कागदी कप धरून हसणारा टक्कल पडलेला माणूस. खाली लिहिलंय, ‘आमचे समाधानी पाहुणे’. तो पाहुणा मी. फोटो काढल्यावर सहा तासांनी मला त्याच टेंटमधून उठवलं गेलं, आणि त्या जाहिरातवाल्याकडे माझे 7,600 रुपये आहेत. त्या फोटोकडे बघून कुणी पैसे भरू नयेत, म्हणून हे लिहितोय.

मी डिचोलीचा, एका पंचायतीत कारकून. ना हरकत दाखले आणि परवाने दिवसभर माझ्याच टेबलावरून जातात. हे मुद्दाम सांगतोय, कारण फसायला माणूस अडाणी असावा लागतो असं मलाही वाटायचं.

जानेवारीत चार दिवस रजा टाकली. उत्तर टोकाच्या केरीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत गोव्याचा किनारा एकट्यानं करायचा, जुनी अल्टो घेऊन, आणि वाटेत जमेल तिथे वाळूतून चालायचं. आम्ही आतल्या तालुक्यातले लोक रविवारी समुद्रावर जातो, पाय भिजवतो, भेळ खातो आणि दिवेलागणीला घरी. किनाऱ्यावर रात्र कधी काढलीच नव्हती. बायको म्हणाली, “एकटेच? आणि टेंटात?” तिच्या त्या स्वरामुळे टेंटात झोपायचं जास्तच पक्कं झालं.

पहिला दिवस छान गेला. केरीला गाडी ठेवून डोंगराच्या कडेनं हरमलला चालत गेलो. संध्याकाळी मोरजीला अनवाणी चाललो. तिथे वाळूत कासवांच्या घरट्यांना घातलेलं कुंपण बघितलं आणि रात्री म्हापशाला मावसभावाकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी मांडवी, जुवारी ओलांडून दक्षिणेला. बेतूलनंतर रस्ता डोंगरात शिरतो आणि समुद्र मधूनच दिसतो, लपतो. काब द राम किल्ल्याच्या तटावर तासभर नुसता बसलो.

टेंटचं बुकिंग आठवडाभर आधी केलं होतं. जाहिरातीत गालजीबागचा किनारा, ‘कासवांच्या सोबतीला एक रात्र’, शेकोटी, सोलकडी. भाव 1,800 रुपये, निम्मे आगाऊ. फोन केला तर पलीकडचा गोड मराठीत बोलला, मधे मधे कोकणी. “दादा, तुम्ही आपलेच. बाहेरच्यांना मी दोन हजाराच्या खाली देत नाही.” या ‘आपलेच’वर मी विरघळलो. 900 रुपये पाठवले आणि लगेच पावती आली. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली पर्यटन नोंदणी क्रमांक.

त्या क्रमांकाला वर्ष नव्हतं. जावक क्रमांकाला वर्ष नसेल तर तो कागद मी ऑफिसात त्याच दिवशी परत पाठवतो. मोबाइलच्या पडद्यावर तसाच कागद बघून मी ‘ठीक’ म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं.

गालजीबागला तो स्कूटरवर आला. तिशीचा असेल, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट. “हें सगळें आमचेंच भाट,” हात फिरवून म्हणाला, “पप्पा भाटकार.” म्हणजे ही सगळी बागायत यांची आणि वडील जमीनदार. स्कूटरची पाटी काळी, अक्षरं पिवळी, म्हणजे भाड्याची. गोव्यात हे शाळकरी पोरालाही कळतं. भाटकाराचा मुलगा आपल्याच गावात भाड्याच्या स्कूटरवर का फिरेल, हा प्रश्न मला पडला तो दुसऱ्या दिवशी.

टेंट सुरूच्या झाडांमध्ये लावलेला होता. एका दांडीला जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाजूला टेंटची काळी पिशवी पडली होती आणि तिच्यावर लाल ऑइलपेंटनं मोठा 7. बाकीचे सहा कुठे म्हणून विचारलं. “पावणे वाडले काय लायतां,” म्हणाला, म्हणजे पाहुणे वाढले की लावतो. उरलेले 900 रोख घेतले, वर 2,000 अनामत. “टेंट फाटला तर म्हणून, सकाळी परत.” मग चहा दिला आणि फोटो काढला. “दादा, जरा हसा.” हसलो.

शेकोटी काही पेटली नाही. सोलकडी आणायला गेला तो गेलाच. मला त्याचं फार वाटलं नाही, कारण समोर लांबवर पसरलेली रिकामी वाळू होती आणि मी अंधार पडेपर्यंत टोकापर्यंत चालून आलो. ती संध्याकाळ मात्र खरी होती, ती मी कुणाला परत देणार नाही.

रात्री अकराच्या सुमाराला टेंटच्या कापडावर लाल उजेड पडला. वनखात्याचे दोघे होते. कासवांना पांढऱ्या उजेडाचा त्रास होतो म्हणून टॉर्च लाल. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. नोव्हेंबर ते मार्च इथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, इथे टेंट लावता येत नाही. मी म्हटलं, मालकाची परवानगी आहे. थोरल्यानं विचारलं, “खंयचो मालक?” मी पावती दाखवली, पंचायतीत कामाला आहे हेही सांगून टाकलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “मग तुमकां खबर आसूंक जाय, न्हय?” म्हणजे मला तर हे माहीत असायलाच हवं होतं.

तंबू गुंडाळून गाडीत टाकला आणि काणकोणच्या चावडी गावात, बाजारात गाडी लावून तिथेच झोपलो. झोप कसली, त्या नंबरला चौदा फोन केले आणि शेवटी व्हॉइस मेसेजवर झालेलं सगळं सांगून शिव्या घातल्या.

खरी माती मी खाल्ली ती सकाळी. भाजी-पाव खाताना दुसऱ्याच नंबरवरून मराठीत मेसेज आला. गैरसोयीबद्दल दिलगिरी, तुमचे पूर्ण 3,800 परत करत आहोत, सोबतचा क्यूआर स्कॅन करा. इतकं बिनचूक कळलं कसं? माझ्याच शिव्यांतून. पण तेव्हा वाटलं, चला, माणूस घाबरला. स्कॅन केलं. पडद्यावर रक्कम आली, वर ‘पे’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मी पिन टाकला. 3,800 गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. हे मी घरी आईला दोनदा समजावलेलं आहे.

तिथूनच 1930 ला फोन केला. सायबर फसवणुकीसाठी हाच नंबर आहे आणि जितका लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय आयडी विचारतात, तेव्हा ते आधी समोर लिहून ठेवा, मी भाजीच्या बशीशेजारी मोबाइल उलटापालटा करत शोधत बसलो. रोख दिलेल्या 2,900 ची तक्रार काणकोण पोलिसांत वेगळी दिली. अजून काही परत आलेलं नाही. टेंट लावून पैसे घेणाऱ्याला गोव्यात पर्यटन खात्याची नोंदणी लागते, कायदा 1982 चा आहे. नुसता क्रमांक बघू नका, खात्याला फोन करून तो कुणाच्या नावावर आहे ते विचारा. आणि कुणी किनाऱ्यावर शेकोटी किंवा चूल देतो म्हणाला, तर तिथेच फोन ठेवा, उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे.

पोळेपर्यंत गेलो मात्र. उरलेल्या दोन रात्री चावडीला खोली घेऊन काढल्या.

टेंट माझ्याकडेच होता. पोलिसांना त्याबद्दल सांगून ठेवलं होतं, त्यामुळे चार दिवसांनी एका माणसाचा फोन आला. तो मडगावला ट्रेकिंगचं सामान भाड्यानं देतो. याच पांढऱ्या शर्टवाल्यानं त्याच्याकडून दोन टेंट नेले होते आणि परत केले नव्हते. मी पिशवीवरचा लाल 7 सांगितला, तशी त्यानं काळ्या चिकटपट्टीची दांडी आपणहून सांगितली. रविवारी येऊन घेऊन गेला, जाताना माझ्या आईच्या हातची सोलकडी प्यायला. त्याचा क्रमांक 4 अजून सापडलेला नाही. तोही निळाच आहे. काळ्या पिशवीवर लाल 4 दिसला, तर पैसे काढू नका, चहाही घेऊ नका, आणि फोटोसाठी तर अजिबात उभे राहू नका.