जँगोचं अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स सेटिंग: वापरून बघाच

जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) १.६ (२०१३) पासून डिफॉल्ट ऑटोकमिट आहे, म्हणजे डेटाबेसवरची प्रत्येक क्वेरी लगेच पक्की. त्याआधी कच्ची एसक्यूएल (हाताने लिहिलेली क्वेरी) मारली की कमिट, म्हणजे बदल पक्का करणं, आपणच करायचं, त्यापेक्षा हे खूपच बरं. पण ऑर्डर सेव झाली आणि स्टॉक कमी करताना एरर आला तर ऑर्डर तशीच लटकते, म्हणून मी डेटाबेसच्या सेटिंगमधे अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स ट्रू केलं, आता व्ह्यूमधे (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) एक्सेप्शन, म्हणजे एरर, आलं की डेटाबेसमधले त्या रिक्वेस्टचे सगळेच बदल रोलबॅक, म्हणजे रद्द, जाम आवडलं! फक्त एक्सेप्शन मधेच पकडून गिळू नका, मग रोलबॅक होतच नाही. ईमेल पाठवणं ऑन कमिटमधे टाका, म्हणजे बदल पक्के झाल्यावरच ते जाईल. ट्रॅफिक जास्त असेल तर मात्र प्रत्येक व्ह्यूला ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द) महाग पडतं, तिथे जिथे लागेल तिथेच अ‍ॅटॉमिक लावा