मापवही, गुगल शीट की सॉफ्टवेअर? नागपुरातल्या टेलरसाठी तुलना

शिलाईच्या दुकानात ऑटोमेशन म्हटलं की ‘तुमचे कपडे तयार आहेत’ हा आपोआप जाणारा मेसेजच आधी आठवतो. ते काम सोपं आहे. अडतं ते मधेच: मास्टरने कापलेला ब्लाउज कोणत्या कारागिराकडे गेला, अस्तर आलं का, काज-बटणाला दिलेला शर्ट परत आला का. म्हणून तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारतो: कपडा पुढच्या हातात गेला की त्याची नोंद करणार कोण?

मास्टर आणि एक-दोन कारागीर एकाच खोलीत बसत असतील तर मापवही, पावतीबुक आणि फुकटचं व्हॉट्सॲप बिझनेस पुरे. चॅटला ‘कटिंग’, ‘ट्रायल’, ‘तयार’ अशी लेबलं लावता येतात, दुकान बंद असताना ठरलेला निरोप आपोआप जातो. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना सोडलेला मेसेज, मात्र तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. मापं वहीतच राहतात, तेव्हा पानांचे फोटो काढून ठेवा. यापुढे पैसे घालू नका.

कारागीर घरी नेऊन पीसवर शिवत असतील तर गुगल फॉर्म आणि शीट बघा. काउंटरवर फोनवरूनच नाव, कपडा, मापं, ट्रायलची आणि द्यायची तारीख भरली की शीटमध्ये ओळ तयार होते. ॲप्स स्क्रिप्टला (शीटला जोडायचा गुगलचाच छोटा प्रोग्रॅम) वेळ लावून दिली की रोज सकाळी मेल येतो: आज कोणाची ट्रायल आहे, तीन दिवसांवर आलेलं काय अजून कापलंच नाही. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्ट दिवसाला 100 जणांना मेल पाठवू शकते. आपल्याला एकच पुरतो. स्क्रिप्ट लिहून देणारा भाचा उद्या नोकरीसाठी पुण्याला जाईल, म्हणून सगळं दुकानाच्याच खात्यावर ठेवा.

कारागीर शीट उघडणार नाही, हे धरूनच चला. गठ्ठा देताना-घेताना काउंटरवरच्या माणसाने नोंद करायची, आणि आठवड्याची मजुरी त्याच शीटवरून काढायची. नोंद नाही तर मजुरी नाही, हे एकदा कळलं की ‘भाऊ, माझे पीस चढवले का?’ असं कारागीरच विचारू लागतो. शीटची खरी कमाई मला इथे दिसते. मापं बदलली तर जुनी खोडू नका, तारीख टाकून नवी ओळ घ्या. ‘डावा खांदा उतरता’ यासारख्या शेऱ्यासाठी रकाना हवाच.

सीताबर्डीत काउंटर आणि महाल भागात कारखाना असा पसारा असेल तर टेलरिंगचं तयार सॉफ्टवेअर परवडू शकतं. पण नुसतं सॉफ्टवेअरचं भाडं मोजू नका. व्हॉट्सॲपच्या एपीआयवरून (सॉफ्टवेअर ज्या जोडणीतून मेसेज सोडतं ती) आपण होऊन पाठवायचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मेसेजमागे पैसे पडतात. जाहिरातीचा मेसेज ऑर्डरच्या माहितीपेक्षा महाग. गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलं तर पुढचे 24 तास मोकळेपणाने उत्तर देता येतं. सॉफ्टवेअरवरून एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी, म्हणजे टेलिकॉम कंपनीकडे दुकानाची आणि मजकुराची नोंद, लागते. डेमोच्या वेळी दोन गोष्टी करून बघा: सगळी मापं एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, आणि नेट गेल्यावर काय होतं. मापं बाहेर निघत नसतील तर तिथूनच परत फिरा. फोन नंबर, त्यातही बायकांची मापं, ही खाजगी माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्येच झाला. कारागिराच्या चिठ्ठीवर नावाऐवजी ऑर्डर नंबर टाका.

सुरुवात कधी करायची, यालाही नागपुरात महत्त्व आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर गणवेशांची घाई. पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पांढरे कपडे, मग दिवाळी, मग लग्नं. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबलेली असतात, गणवेशही आटोपत आलेले असतात. नवी पद्धत तेव्हा लावा आणि महिनाभर वही सोबत चालू ठेवा.

मला विचाराल तर तीन-चार कारागिरांच्या दुकानाने आधी शीट घ्यावी आणि एक दिवाळी काढून मग सॉफ्टवेअरचा विचार करावा. ‘तयार आहे’ हा मेसेज शिलाई संपल्यावर सोडू नका, इस्त्री होऊन मास्टरने कपडा तपासल्यावरच सोडा. नाहीतर गिऱ्हाईक दारात उभं आणि हूक लावायचे बाकी.