हजर दरापेक्षा स्वस्त डॉलर आणि माझे १२,०७,१४० रुपये

जळगावात आमची तुरीची डाळ तयार करणारी मिल आहे. देशी तूर कमी पडते तेव्हा आम्ही मोझांबिकहून माल मागवतो. तो न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये चुकते करावे लागतात. २७ डिसेंबर २०२४ रोजी १,८०,००० डॉलरचे बिल झाले, मुदत ९० दिवसांची. त्याच महिन्यात डॉलर पहिल्यांदा ८५ रुपयांच्या वर गेला होता आणि त्या दिवशी तो साडेपंच्याऐंशीच्या आसपास होता. रुपया आणखी एका रुपयाने घसरला तर १,८०,००० रुपये अंगावर येणार होते. डाळीच्या धंद्यात क्विंटलमागे काय उरते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती भीती समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून फॉरवर्ड करार करून, म्हणजे पुढच्या तारखेला घ्यायच्या डॉलरचा दर आजच बांधून घ्यायचे ठरवले. तो निर्णय चुकीचा नव्हता, हे मी आजही ठामपणे सांगतो.

आमच्या बँकेच्या शाखेत चौकशी केली. फॉरवर्डसाठी वेगळी मर्यादा (किती रकमेपर्यंत करार करता येईल ती) मंजूर करून घ्यावी लागेल, फाईल मुंबईला जाईल आणि किमान तीन आठवडे लागतील, असे उत्तर मिळाले. तीन महिन्यांचा अंदाजे दर ८६ रुपये ५ पैसे सांगण्यात आला. रुपया रोज खाली जात असताना तीन आठवडे स्वस्थ बसून राहणे मला शक्य नव्हते. त्याच आठवड्यात दाणा बाजारातील एका जुन्या आडत्याने मुंबईच्या एका माणसाचा नंबर दिला. तो स्वतःला एका मोठ्या बँकेच्या ट्रेझरी विभागाचा अधिकृत भागीदार म्हणवत होता. त्याने ८५ रुपये १० पैशांना तीन महिन्यांचा करार देऊ केला.

इथेच मला थांबायला हवे होते, आणि हे वाक्य लिहिताना आजही माझा हात आखडतो. हजर दर, म्हणजे डॉलर आज घेतला तर पडणारा भाव, साडेपंच्याऐंशी असताना तीन महिन्यांनंतरचा डॉलर त्याहून ४० पैसे स्वस्त कसा मिळेल? फॉरवर्ड दर म्हणजे डॉलर पुढे कुठे जाईल याचा अंदाज नसतो. तो दोन देशांच्या व्याजदरांतील फरकाचा हिशेब असतो. त्या वेळी आपला रेपो दर ६.५ टक्के होता आणि अमेरिकेचा ४.२५ ते ४.५ टक्के. वर्षाला दोन टक्क्यांचा फरक धरला तरी तीन महिन्यांचे सुमारे ४३ पैसे होतात, आणि ते आयातदाराला हजर दरावर जास्तीचे मोजावे लागतात. बँकेचा दर म्हणजे हजर दर, हे ४३ पैसे आणि तिचा नफा एवढेच होते. मी आयुष्यभर रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा भाव वेगळा लावून डाळ विकली आहे. उधारीचा भाव रोखीपेक्षा कमी लावणारा व्यापारी मी दाणा बाजारात कधी पाहिला नाही. आमच्या दिवाणजींनी तर त्याच संध्याकाळी विचारले होते, "शेठ, मुदत देऊन वर भावही कमी करतोय, तर व्याज कोण सोसतंय?" मी त्यांना म्हणालो, "काका, हे डॉलरचं गणित वेगळं असतं." ते वेगळे नव्हते.

कुणी हजर दरापेक्षा स्वस्त फॉरवर्ड डॉलर देऊ करत असेल, तर पुढचे एकही वाक्य ऐकू नका.

कराराची रक्कम १,५३,१८,००० रुपये झाली. तिच्या ५ टक्के मार्जिन, म्हणजे अनामत, म्हणून ७,६५,९०० रुपये आणि प्रक्रिया शुल्क व जीएसटी मिळून २१,२४० रुपये मी भरले. खाते बँकेचे नव्हते, परराज्यातील एका ट्रेडिंग फर्मचे चालू खाते होते. त्याने त्याला 'एस्क्रो' (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे त्रयस्थाकडे राखून ठेवणारे खाते) असे नाव दिले आणि मी ते मान्य केले. खरी बँक मार्जिन घेते तेव्हा तुमच्याच मुदत ठेवीवर बोजा चढवते किंवा मंजूर मर्यादेतून ते धरते. तिसऱ्याच्या खात्यात पैसे भरायला ती कधीही सांगत नाही. रिझर्व्ह बँक २०२२ पासून अनधिकृत परकीय चलन मंचांची सावधानता यादी प्रसिद्ध करते. ती यादी मी पाहिली, त्यात त्याचे नाव नव्हते, म्हणून निश्चिंत झालो. यादीत नाव नसणे म्हणजे परवाना असणे नव्हे. अधिकृत डीलर बँकांची, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करण्याचा परवाना असलेल्या बँकांची, यादी वेगळी असते, आणि पाहायची असते ती तीच.

फेब्रुवारीत डॉलर ८८ रुपयांच्या जवळ पोहोचला. त्याने पाठवलेल्या विवरणपत्रात माझ्या करारावर ५,०४,००० रुपयांचा फायदा दिसत होता. तो फायदा पुढच्या १,००,००० डॉलरच्या करारात वळवून ८४ रुपयांचा दर देतो, असे सांगून त्याने आणखी ४,२०,००० रुपये घेतले. बाजार माझ्या भीतीप्रमाणेच चालला होता, त्यामुळे माझा विश्वास अधिकच पक्का झाला.

२७ मार्च २०२५ रोजी पैसे पाठवायचे होते. करारपत्र घेऊन, त्यावर जिचे नाव होते त्या बँकेच्या शाखेत गेलो, तेव्हा त्या क्रमांकाचा करार तिच्या नोंदीतच नसल्याचे कळले. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. गेलेले पैसे एकूण १२,०७,१४०. रुपया तोपर्यंत पुन्हा सावरला होता आणि हजर दराने डॉलर घेऊनही फारसे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते सगळे त्या माणसामुळे.

यानंतर जे सोसले ते पैशांहून जास्त जिव्हारी लागले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे केव्हाच पुढे वळवले गेल्याचे सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने अर्ज चाळून, हा दोन व्यापाऱ्यांमधील व्यवहार आहे, दिवाणी न्यायालयात जा, असे सुनावले. खोटे करारपत्र बनवणे हा व्यवहार कसा होतो, असे विचारले तर सायबर शाखेकडे बोट दाखवले. सायबर शाखेने आर्थिक गुन्हे शाखेकडे. आणि तिथे मला फॉरवर्ड म्हणजे काय ते मराठीत लिहून आणायला सांगितले. मी दोन पाने लिहून दिली, त्यांची पोचसुद्धा मिळाली नाही. ज्या बँकेचे नाव करारपत्रावर होते तिने तुम्ही आमचे ग्राहक नाही असे कळवले. ज्या बँकेत पैसे गेले तिने खातेदाराची माहिती गोपनीय असल्याचे कळवले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडील तक्रार बँकेच्या सेवेतील त्रुटी नसल्याच्या कारणाने बंद झाली. ट्रेडिंग फर्मच्या नावाने खाते उघडताना कागदपत्रे तपासण्याची जबाबदारी नेमकी कुणाची होती, याचे उत्तर मला आजतागायत एकाही कार्यालयाने दिलेले नाही.

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासात १९३० वर फोन करा. मी ओळखीपाळखीत दोन दिवस घालवले. आडत्याची ओळख ही हमी धरू नका, त्या बिचाऱ्याचेही त्यात पैसे गेले आहेत. आयातदाराने बँकेतील मर्यादा गरज पडण्याआधीच मंजूर करून ठेवावी. माझ्याकडे ती असती तर मी त्या तीन आठवड्यांच्या घाईत सापडलो नसतो. आणि हजर दर काय चालू आहे हे क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या २०१९ पासून सुरू असलेल्या एफएक्स-रिटेल या परकीय चलन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन मंचावर बँकेच्या ग्राहकालाही पाहता येते, ते पाहूनच बँकेशी बोला.

पुढच्या खेपेसाठी मी शाखेतून मर्यादा मंजूर करून घेतली. करार माझ्या फर्मच्या नावाने, माझ्याच बिलावर झाला, आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या शिक्क्याचे पुष्टिपत्र हातात आले. दिवाणजींनी व्याजाचा हिशेब करून पाहिला. तो दर हजर दरापेक्षा ५४ पैशांनी जास्त होता आणि ते ५४ पैसे मी भरले.