गिअर सांगणारा बाण आणि लोडचं बटण: बेळगाव-चाकण लाइनीवरचा अनुभव

नव्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) दहाचाकी ट्रकमध्ये आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या काट्याजवळ एक छोटा बाण येतो. गिअर वर टाक, खाली टाक, असं तो सांगतो. त्यानं खरंच डिझेल वाचतं का, असं बेळगावजवळच्या काकती-होनग्याच्या बाजूचे गाडीवाले मला भेटेल तिथं विचारतात. माझं उत्तर असं: सपाट रस्त्यावर वाचतं, घाटात त्याच्या भरवशावर राहू नका. आणि त्याच डॅशबोर्डवर गाडी खाली आहे की भरलेली हे सांगायचं जे बटण असतं, ते बाणापेक्षा जास्त पैसे वाचवतं, पण त्याला कुणी हात लावत नाही.

ही सोय आता बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत येते, म्हणून एका कंपनीचं असं लिहीत नाही. माझी गाडी दहा चाकांची, नऊ गिअरची, हाय-लोवाली, म्हणजे एकाच दांड्यावर वरचे आणि खालचे असे गिअरांचे दोन गट. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) भरून चाकणला जायचं आणि परतीला पत्र्याची कॉइल, नाहीतर मिळेल तो माल. २०१८ साली केंद्रानं ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा दहाचाकी २५ टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली. साडेतीन टन जास्त ओढायचे म्हटल्यावर कुठला गिअर कुठं टाकला याचा हिशोब पंपावर लगेच दिसतो.

आधी बाणाचं. इंजिनाचा वेग, गाडीचा वेग आणि पायाखालची रेस (ॲक्सिलरेटर) यांचा मेळ घालून तो गिअर सुचवतो. त्याचा कल एकाच गोष्टीकडे असतो, काटा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे कमी डिझेल लागणाऱ्या आरपीएममध्ये ठेवायचा. आजकालच्या डिझेल इंजिनांचा जोर साधारण हजार ते पंधराशे-सोळाशेच्या आरपीएममध्येच पुरेपूर मिळतो. त्याच्या वर इंजिन पळवलं की गाडीला जास्त काही मिळत नाही. पिस्टन, बेअरिंग, पंप, पंखा या सगळ्यांना नुसतं फिरवण्यातच डिझेल जातं. साठच्या वेगानं जाणारी तीच गाडी, तोच माल, आठव्यात ठेवली तर इंजिन उगाच ओरडतं, नवव्यात ठेवली तर निवांत चालते. कागल ओलांडून कराड-साताऱ्याकडे जाताना मोकळा रस्ता मिळतो, तिथं बाणाचं ऐकायचं, बिनधास्त.

आमच्या लाइनीवरच्या जुन्या ड्रायव्हरांची सवय याच्या बरोबर उलट आहे, आणि त्याला कारण आहे. त्यांचे हात जुन्या सहा गिअरच्या गाड्यांवर बसलेत. दोन गिअरांमधलं अंतर मोठं, इंजिनाला खालून जोर नाही, त्यामुळे काटा वर नेल्याशिवाय पुढचा गिअर ओढायचाच नाही. माझ्या गाडीवर अधूनमधून बसणारे एक मामा आहेत, अख्खी हयात रस्त्यावर गेलीय त्यांची. पहिल्यांदा बाण बघून म्हणाले, "ह्याला काय कळतंय? इंजिन काय बोलूलालंय ते ऐका की." मामांचा कान पक्का आहे. फक्त तो कान जुन्या इंजिनाच्या आवाजाला लागलेला आहे. नव्या इंजिनाला बाराशेवर पुढचा गिअर चालतो हे त्यांच्या हाताला पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र मामांइतकी गुळगुळीत गाडी कुणी चालवत नाही. गाडी रिकामी असली की दुसऱ्यातून थेट चौथा, चौथ्यातून सहावा असे मधले गिअर सोडून जातात. क्लच कमी झिजतो आणि हातही.

पण काटा खाली ठेवायचा म्हणून हजारच्याही खाली, पूर्ण रेस दाबून गाडी रेटणारे आहेत, ते सगळ्यात वाईट. इंजिन गुदमरतं, गाडी हादरे देते. डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, आणि बीएस-६ च्या फिल्टरला ती काजळी जाळून साफ करावी लागते. त्या साफसफाईलाही डिझेलच लागतं. शिवाय इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणाऱ्या जॉइंट आणि क्राउनवर जे धक्के बसतात त्यांचं बिल वेगळं. वाचवलेले दोन लिटर ऑटो नगरच्या गॅरेजच्या एका फेरीत जातात.

आता घाट. चाकणहून परत येताना खंबाटकी चढून यावं लागतं, जाताना बोगदा असतो. मग निपाणी सोडली की तवंदीचा चढ, पुढं हत्तरगीचा टोल ओलांडला की वंटमुरी. या तिन्ही ठिकाणी बाण मागं पडतो. त्याला पुढचा रस्ता दिसत नाही हो. चढ लागायच्या आधी गाडी वेगात असते, तेव्हा तो अजून "वर टाक" म्हणत असतो. ते ऐकून नववा टाकला की शंभर-दोनशे मीटरवर काटा धाडकन खाली येतो, मग तो "खाली टाक" म्हणतो, आणि तोवर भरलेल्या गाडीचा वेग गेलेला असतो. चढावर प्रत्येक गिअर बदलताना क्लच दाबलेला तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही. अठ्ठावीस टनांची गाडी त्या दीड-दोन सेकंदांत भराभर वेग गमावते. एकाच्या जागी दोन गिअर खाली यावे लागतात आणि उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्यात रांगत काढावा लागतो. तवंदीला तळाशी असतानाच, वेग हातात असताना, एक गिअर खाली घ्यायचा आणि काटा चौदाशे-पंधराशेवर धरून एका दमात माथा गाठायचा. मध्ये चाळवाचाळव नाही. हे बाण शिकवत नाही, मामा शिकवतात.

उताराबद्दल जरा जास्तच लिहितो, कारण हा विषय डिझेलच्याही पुढचा आहे. उतारावर न्यूट्रल टाकली की डिझेल वाचतं, हा समज आमच्या लाइनीवर अजून घट्ट आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. गाडी गिअरमध्ये असेल आणि रेसवरचा पाय काढला, तर इंजिनाला चाकंच फिरवतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, डिझेल शून्य. जुन्या मेकॅनिकल पंपाचा गव्हर्नरसुद्धा (डिझेलचा पुरवठा आवरणारा भाग) हेच करायचा. एक्झॉस्ट ब्रेकही (धुराची वाट अडवून इंजिनानं गाडी आवरणारा) गाडी गिअरमध्ये असली तरच धरतो. ज्या उतारावर ब्रेक लावावाच लागतो, तिथं न्यूट्रलनं वाचणार तरी काय? उलट ब्रेकचे लायनर तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. तिथं नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं गाड्यांची जी रांग उडवली, त्याच्या तपासात उतारावर गाडी अशीच मोकळी सोडल्याचं पुढं आलं होतं. माल भरून जाताना वंटमुरी आणि तवंदी हे दोन्ही आपल्याला उतारच आहेत. ज्या गिअरात चढता, त्याच्याच आसपासच्या गिअरात उतरा. माझ्या गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगतो.

आता त्या बटणाकडे येतो. माझ्या गाडीत त्याला तीन टप्पे आहेत: हलकं, मध्यम, जड. हलक्यावर ठेवलं की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद आवरून धरतो. रिकाम्या गाडीला तेवढी ताकद लागतच नाही, आणि ड्रायव्हरनं पाय दाबला तरी डिझेल उधळलं जात नाही. मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत हे बटण कायम जडवर असतं, शोरूममधून निघाल्यापासून. याची दुसरी बाजूही आहे. माल भरलाय आणि बटण हलक्यावर राहिलं, तर चढाला गाडी ओढत नाही, खालचे गिअर लावून लावून काटा वर जातो आणि उलट जास्त डिझेल पितं. म्हणून वजनकाट्यावर वजन करून निघताना बटण बघायचं आणि माल उतरवला की पुन्हा बघायचं. वजनाची पावती खिशात टाकतानाच हात बटणाकडे गेला पाहिजे, अशी सवय मामांना लागलीय आता.

पैशाचं सांगतो. ॲव्हरेज डिस्प्लेवर बघून ठरवू नका, टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचा हिशोब धरा, एकाच पंपावर. भरलेली गाडी आधी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास द्यायची. हात बसल्यावर आणि बटण नीट वापरल्यावर ती चार पूर्णांक चारच्या जवळ टिकते. साडेतीनशे किलोमीटरला साडेसत्त्याऐंशी लिटरच्या जागी साधारण साडेएकोणऐंशी. आठ लिटर म्हणजे नव्वदच्या भावानं एका बाजूला सातशेवीस रुपये. पूर्वी कर्नाटकात डिझेल बरंच स्वस्त होतं, महाराष्ट्राच्या गाड्या निपाणीच्या बाजूला येऊन टाकी भरायच्या. २०२४ आणि पुन्हा २०२५ मध्ये इथला कर वाढला आणि तो फायदा आटला. सीमेवर राहण्याचा तो आधार गेल्यावर आता जे काही वाचवायचं ते गिअरच्या दांड्यावरच. वाचलेल्यातला निम्मा वाटा मी गाडी चालवणाऱ्याला देतो. नाहीतर त्यानं का लक्ष द्यावं?

तक्रार एकच, पण मोठी आहे. गाडी ताब्यात देताना बाण आणि बटण या दोन्हींबद्दल कुणी धड सांगितलं नाही. नारळ फोडला, फोटो काढला, किल्ली दिली. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. या भागात गाडी चालवणारा माणूस मराठी नाहीतर कन्नड वाचतो. लाखो रुपयांची गाडी विकताना डीलरनं एक जाणता माणूस शेजारी बसवून, माल भरून, वंटमुरीपर्यंत एक फेरी मारून दाखवायला हवी. बाण सूर्य समोर आला की दिसत नाही, तोही जरा मोठा करता आला असता.

ज्यात कॉम्प्युटरच गिअर टाकतो, क्लचचं पेडल नाही, अशीही गाडी मी डेमोला चालवून पाहिली. शहरातल्या गर्दीत पायाला फार आराम आहे आणि नवशिक्याच्या हातून क्लच जळायची भीती जाते. चढ ओळखायची तिची अडचण बरीचशी तशीच वाटली, घाटाला मॅन्युअलवर घेतली तेव्हा बरी चालली. लांब पल्ल्याला ड्रायव्हर सारखे बदलत असतील तर तिचा विचार जरूर करा. तुमची गाडी दिवसभर उद्यमबाग, मच्छे आणि होनग्याच्या कारखान्यांतच फिरत असेल, तर बाणासाठी जादा पैसे मोजू नका. ते पैसे टायर, हवा आणि एअर फिल्टरवर घाला.