सिव्हिलची पॅलिएटिव्ह टीम घरी येते, उशीर न करता बोलवा

आपल्याकडं कॅन्सर म्हणलं की संभाजीनगर, बार्शी नाहीतर टाटा एवढंच माहीत असतं, पण उपचार थांबल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही. आमच्या बापूंना अन्ननलिकेचा होता, शेक (रेडिएशन) झाले, केमो झाली, मग डॉक्टर म्हणले घरी न्या आन सेवा करा. आम्ही त्यांना अल्सर आहे म्हणूनच सांगितलेलं. त्यांना सगळं कळायलं होतं, पण आम्ही बोलत नव्हतो म्हणून तेबी बोलत नव्हते, रात्र रात्र लाईट चालू ठेवून बसायचे.

सिव्हिलची ही पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे दुखणं आन त्रास कमी करणारे डॉक्टर-सिस्टर, आठवड्यातून एकदा यायची, पैसा एक घेतला नाही. दुखणं थांबवायच्या मॉर्फिनच्या गोळ्या चार-चार तासाला चालू केल्या, सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिननं संडासला घट्ट होतं. नशा लागंल म्हणून आम्ही घाबरलो होतो, पण डॉक्टर सांगतील तेवढीच दुखण्यासाठी घेतली तर सहसा तसं होत नाही. तिसऱ्या दिवशी बापू आडवे होऊन झोपले.

पण खरं काम केलं ते सिस्टरनं. आम्हाला बाहेर न काढता बाजंवर बसून त्यांचा हात धरला आन सरळ विचारलं, बापू, भ्या कशाचं वाटतंय? बापू म्हणले, मरायचं नाही गं माय, जीव कोंडून जाईल त्याचं वाटतंय. सिस्टरनं टेबलफॅन तोंडाजवळ लावून दाखवला, वाऱ्यानं दम कमी लागतो म्हणली, आन समजून सांगितलं की शेवटी शेवटी बहुतेकांना झोपच जास्त येते, दम लागला तर त्यावरबी औषध आहे, ते घरात ठेवून जाते. त्या रात्री बापूंनी स्वतः लाईट बंद करायला लावली. सकाळी मला बोलवून सोसायटीचं कर्ज किती, कुणाकडं किती येणं आहे, कोणता बैल विकायचा नाही, सगळं सांगितलं. अल्सरचं नाटक तिथंच संपलं.

एक स्टार कमी देतोय, कारण रात्री फोन लागत नाही, आन गोळ्या संपल्या की 40 किलोमीटर सिव्हिललाच जावं लागतं. 2014 ला मॉर्फिनचा कायदा सोपा झाला म्हणतात, पण आमच्या तालुक्यात एकाबी मेडिकलवर मॉर्फिन भेटलं नाही. म्हणून दोन दिवस आधीच जावा, फाईल आन आधार कार्ड सोबत ठेवा.

आम्ही शेवटच्या महिन्यात बोलवलं. दुखणं सुरू झालं तेव्हाच बोलवायला पाहिजे होतं.