नागपुरात प्रकाशित झालेलं जुनं पुस्तक शोधायला कोलकाता की मुंबई?

हावडा–मुंबई मार्गावरच नागपूर, त्यामुळे प्रश्न फक्त गाडी कोणत्या दिशेची पकडायची, एवढाच. उत्तर पुस्तकाच्या सालावर ठरतं.

1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकाने 30 दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रती द्यायच्या असतात. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. म्हणून 1954 नंतरच्या पुस्तकासाठी आधी मुंबई. भाषा, अंतर, सगळंच सोयीचं. मात्र नकाशे, चित्रं महत्त्वाची असतील तर कोलकाता: तिथली प्रत उत्तम कागदावरची, बांधीव, सर्व चित्रांसह हवी, असं कायदा सांगतो. मुंबईला सर्वसाधारण कागदावरची प्रत चालते.

दोन्हीकडे पुस्तक नसणंही शक्य आहे. दंड जेमतेम 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे छोटे प्रकाशक प्रत पाठवायची टाळतात, आणि आपलं स्थानिक साहित्य असंच हरवतं.

1954 पूर्वीचं असेल तर मुंबईवर विसंबू नका. नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्यप्रांतात होतं, त्यामुळे इथली पुस्तकं मुंबईत पोचलीच असतील असं नाही. कोलकात्याचा संग्रह मात्र 1836 च्या सार्वजनिक ग्रंथालयापासूनचा; 1903 मध्ये तो इम्पीरियल लायब्ररीत मिसळला, 1948 मध्ये तिचं राष्ट्रीय ग्रंथालय झालं.

निघण्याआधी ग्रंथालयाच्या सूचीत शीर्षकाची रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं घालून पाहा. शीर्षक सापडलं नाही तर लेखकाच्या आडनावाने शोधा. आणि त्याहीआधी शहरातली जुनी वाचनालयं.