जुन्या फायबर बोटीचा ट्रान्सम: पॉलिएस्टर की इपॉक्सी?

बोटीच्या मागे बसवलेल्या इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा खालचा भाग, दोन्ही हातांनी धरा आणि जोर लावून खाली-वर करा. त्याबरोबर ट्रान्सम (बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं) किंचित जरी हलला, तर आतलं प्लायवूड गेलंय असं समजायला हरकत नाही. खात्री करायची तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. आमच्या सोळा फुटी बोटीत ड्रेन प्लगच्या (आत साचलेलं पाणी सोडायच्या बुचाच्या) आजूबाजूला आणि इंजिनाच्या खालच्या दोन बोल्टांपाशी असा बद्द आवाज आला. तिथे बारीक ड्रिल मारलं, तर कोरडा भुसा निघण्याऐवजी चहाच्या चोथ्यासारखं ओलं, काळं लाकूड बाहेर आलं.

बोट माझ्या काकांची. एरवी ती भिगवणकडे उजनीच्या पाण्यावर असते, दुरुस्तीला मात्र पुण्यात, आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते. हा ट्रान्सम मी दोनदा बदलला. पहिल्यांदा पॉलिएस्टर रेझिनने, पाच वर्षांनी इपॉक्सीने. रेझिन म्हणजे ग्लास फायबरमध्ये मुरवून घट्ट करायचं चिकट द्रव. लाकूड दोन्ही वेळा तेच होतं, 19 मिमी मरीन प्लायचे दोन थर. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं की आयएस 303 चं साधं प्लायही पुढे येतं, म्हणून शिक्क्यावर मरीन प्लायचा 710 हा आकडा पाहूनच घ्या. फरक पडला तो रेझिनमुळे, असं मला वाटतं. मोजमाप करायला माझ्याकडे काही यंत्र नव्हतं, तेव्हा हा निव्वळ एका बोटीचा अनुभव समजा.

पॉलिएस्टरच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. स्वस्त आहे, इपॉक्सीला मला जवळपास तिप्पट पैसे पडले. बोट मुळात पॉलिएस्टरचीच, त्यामुळे वर जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा रंगीत गुळगुळीत थर, सरळ बसतो आणि रंग जुळवता येतो. चॉप मॅट (ग्लास फायबरच्या तुटक धाग्यांची चटई) त्यात छान विरघळल्यासारखी मऊ होते आणि कोपऱ्यात वळते. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या मधे हवेप्रमाणे कमी-जास्त करता येतं, ही तर पुण्यात मोठीच सोय. एप्रिलच्या दुपारी कमी घालायचा, जानेवारीच्या सकाळी थोडा जास्त. हात बसला की एका रविवारात तीन थर सहज होतात.

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो, कारण ती जिवावर बेतू शकते. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिन, ते घट्ट व्हायला वेग देणारं कोबाल्ट आणि हार्डनर बहुधा वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर घालायचा. दोन्हींसाठी चमचेसुद्धा वेगळे ठेवा. आणि हार्डनर हाताळताना गॉगल हवाच, त्याचा एक थेंब डोळ्याचं कायमचं नुकसान करू शकतो.

आता वासाचं. पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये दारं-खिडक्या सताड उघड्या असतात, तिथे तो खपून जातो. पार्किंगमध्ये तसं होत नाही. हा वास जिन्यातून वर चढतो, डक्टमधून बाथरूममध्ये शिरतो. पहिला थर दिला त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. त्यांना दमा आहे. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “अरे, दुपारी तरी करू नकोस हे, मला खिडकी लावून घ्यावी लागते आणि मग जीव घुसमटतो.” त्यांचं बरोबर होतं. माझ्या तोंडावर मास्क होता, त्यांच्या नव्हता. मी त्याच क्षणी काम थांबवलं.

पुढचा थर देता आला तो आठ दिवसांनी, आजी आपल्या मुलीकडे गेल्या तेव्हा. पॉलिएस्टरचा थर ओलसर-चिकट असतानाच त्यावर दुसरा पडला, तर दोन्ही एकजीव होतात. पूर्ण सुकलेल्या थरावर नवा दिला, तर तो बराचसा नुसता चिकटून बसतो. मी 40 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, ॲसिटोनने पुसलं, जे करायचं ते सगळं केलं. तरीही पुढचे सगळे थर असेच तुकड्यातुकड्यांत पडले. कधी सकाळी सहाला, कधी सोसायटी गावाला गेलेली असताना दिवाळीत. दोन हंगामांनंतर डाव्या कोपऱ्यात फायबरचा पापुद्रा प्लायपासून सुटू लागला. ज्या जागी पहिला खंड पडला होता, बरोबर तिथेच. खंड पडल्यामुळेच सुटला असं छातीठोकपणे नाही सांगणार. लाकडावर पॉलिएस्टरची पकड तशीही बेताचीच असते. पण माझ्या मनात या दोन गोष्टी जोडल्या गेल्या आहेत.

इपॉक्सीलाही वास असतो, पण तो बोटीच्या दोन-चार हातांपलीकडे जात नाही. दुसऱ्या खेपेला आजींना काम चालू आहे हे ग्राइंडरच्या आवाजावरूनच कळलं. त्यामुळे मला सलग चार दिवस मिळाले, ज्या क्रमाने थर पडायला हवेत त्या क्रमाने पडले. हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

त्रास आहेतच. हार्डनर डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात घालायचा, लवकर सुकावं म्हणून जास्त घातला तर ते कायमचं मऊ राहतं आणि सगळं खरवडून काढावं लागतं. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे दोनदा वाचा. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठीच वेगळा काढून ठेवला. उन्हाळ्यात मगमध्ये अर्धा किलो एकदम कालवलं तर ते तापून धूर सोडू लागतं, म्हणून कालवल्यावर लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. पावसाळी हवेत वर मेणासारखा तेलकट थर येतो. तो न घासता आधी साध्या पाण्याने आणि काथ्याने धुवायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा. चॉप मॅट यात मऊ पडत नाही, विणलेलं ग्लास कापडच घ्यावं लागतं. हातमोजे नायट्राइलचे आणि दर वेळी, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

आणि जेलकोट. इपॉक्सीवर तो मला भरवशाने बसवता आला नाही. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून भुगा होते, त्यामुळे उघडी ठेवता येत नाही. मी शेवटी टू-पॅक पीयू (दोन डब्यांतलं मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) रंग मारला. जवळून पाहिलं तर मागची बाजू बाकीच्या बोटीपेक्षा किंचित जास्त पांढरी दिसते. काकांना ते अजून खटकतं.

तुमच्याकडे मोकळं शेत, फार्महाऊस किंवा ओळखीची शेड असेल, आणि नुसत्या कडा, ओरखडे, जेलकोटचे टवके भरायचे असतील, तर पॉलिएस्टरवर फुली मारू नका. अशा किरकोळ कामांना मी अजूनही तेच वापरतो. पण लाकूड आणि फायबर एकमेकांना धरून राहायला हवं अशी जागा असेल, तिच्यावर इंजिनाचा भार असेल आणि काम करता तिथे वरच्या मजल्यांवर माणसं राहत असतील, तर तिप्पट पैसे मला तरी जड वाटले नाहीत.

इपॉक्सीचं काम पाऊस पूर्ण संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस काढा. प्लाय त्याआधी आठवडाभर घरात कोरडं ठेवा. पहिल्या दिवशी शंभर ग्रॅमच कालवा, ज्या वेळी खरं काम करणार त्याच वेळी, आणि घट्ट व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने गच्च भरा, सुकल्यावर त्यातूनच योग्य मापाचं भोक पुन्हा पाडा, म्हणजे पाण्याला प्लायपर्यंत वाट उरत नाही. आमची बोट पहिल्यांदा कुजली ती याच भोकांमधून.